यज्ञेश कारखानीसची सोलो ट्रिप

आमच्या सोसायटीतला यज्ञेश कारखानीस इटलीत शिकतो, हे अंबरनाथ पूर्वेला आता कोणाला सांगायची गरज उरलेली नाही. त्याचे वडील दिनानाथ यांनी ते काम पुरं केलं आहे. भाजीवाल्याला माहीत आहे, गॅसवाल्याला माहीत आहे. बुवापाड्याहून माझ्याकडे कामाला येणारी विठा तर भांडी घासताना मान वर करून विचारते, "बाई, आत्ता तिकडं किती वाजले असतील?"

यज्ञेशला सहावी-सातवीत भूगोल मी शिकवला. म्हणजे पुढे जे झालं त्यातला थोडा दोष माझ्याकडेही येतो.

दिनानाथ कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. 'ऑफिसर म्हणून' हे शब्द ते स्वतः कधी गाळत नाहीत, म्हणून मीही गाळत नाही. त्यांची बायको पद्मजा. ती ऐकून घेते. यज्ञेश एकुलता एक. त्याने इंजिनियरिंग केलं, मग दोन वर्षं घरी बसला. त्या दोन वर्षांना दिनानाथ 'तो सध्या स्वतःला शोधतोय' असं म्हणत. घरात सापडला नाही, तेव्हा नापोलीला पाठवला. विषय सप्लाय चेन.

जाण्याआधी खरेदी उल्हासनगर कॅम्प दोनला झाली. मी आणि पद्मजा बरोबर होतो. सुटकेस, जाकीट, गॉगल आणि शेवटी बूट. दुकानदाराने तपकिरी बूट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "साईं, ये प्युअर इटालियन है."

"इटलीला जाताना इटालियन बूट इथून न्यायचे?" मी विचारलं.

"आंटी, उधर कॉपी मिलता है," दुकानदार म्हणाला.

यज्ञेशने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.

नापोलीत गेल्यावर यज्ञेश मुंबईचा झाला. कोणी विचारलं की "बॉम्बे". मुंबईत कुठे, असं विचारणारा तिकडे भेटणार नाही असा त्याचा हिशेब होता. पण दुसऱ्याच आठवड्यात भारतीय मुलांच्या चहापानात एका मुलीने विचारलं, "बॉम्बेत कुठं?"

"आउटस्कर्ट्सला. थोडं हिल्सच्या साइडला."

"म्हणजे अंबरनाथ ईस्ट का वेस्ट?"

ही तेजल. बदलापूरजवळच्या मुळगावची. तिचे वडील हिरामण खडीच्या खाणीवर डंपर चालवतात, आई गोजरबाई घरच्या चार म्हशी बघते. तेजलने सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग डिग्री, मग स्कॉलरशिप मिळवून ती जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती शिकायला तिकडे गेली. यज्ञेशला तिचं मराठी ऐकलं की आजूबाजूला बघायची सवय लागली होती. पण इटालियन भाषा तिला येत होती आणि त्याला येत नव्हती. त्यामुळे बँक, घरमालक आणि पोस्ट या तीन ठिकाणी तो तिला घेऊन जाई. बाकी ठिकाणी ओळख देत नसे.

गेल्या जूनमध्ये यज्ञेशने जाहीर केलं की तो वीकेंडला पेस्तुमला चालला आहे. सोलो ट्रिप. नापोलीहून दक्षिणेला गाडीने सव्वा-दीड तास, तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीची तीन देवळं उभी आहेत आणि चालत जाण्याच्या अंतरावर समुद्र. खरं म्हणजे तेजलचं जायचं आधीच ठरलं होतं, तिला तिथल्या दगडांच्या नोंदी घ्यायच्या होत्या. यज्ञेशला कुठल्या गाडीत बसायचं हे कळत नव्हतं. म्हणून तो तिच्याबरोबर सोलो निघाला.

इकडे दिनानाथांनी त्याचा सोहळा केला. दर शनिवारी संध्याकाळी सहाला आमच्या ज्येष्ठ नागरिकांची बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये भरते. एरवी तिथे रक्तदाब आणि सुना हे दोन विषय असतात. त्या शनिवारी दिनानाथांनी फ्लेक्स लावला : 'आंतरराष्ट्रीय थेट प्रक्षेपण. इटलीतील प्राचीन अवशेष. सादरकर्ते : श्री. यज्ञेश दिनानाथ कारखानीस, इटली.' खाली दिनानाथांचाच फोटो. मोठा टीव्ही आणून फोन त्याला जोडला. बटाटेवडे सांगितले. चाळीस माणसं जमली. फ्लेक्समुळे किती आणि वड्यांमुळे किती, ते मी सांगू शकत नाही.

आमचे सहा म्हणजे तिकडचे दुपारचे अडीच. त्याआधी, तिकडे जाताना गाडीत काय झालं ते मला नंतर तेजलने सांगितलं. सारा वेळ यज्ञेश खिडकीशी फोन धरून स्वतःचं चित्रण करत होता. मध्ये तिने विचारलं, "सप्लाय चेन म्हणजे नेमकं काय रे?"

"म्हणजे गुड्स ए टु बी कसे मूव्ह होतात, ते ऑप्टिमाइज करायचं."

"माझा बाप खडी बदलापूरहून कल्याणला नेतो. तसं?"

"नाही यार. तो ड्रायव्हर झाला. आम्ही स्ट्रॅटेजी बघतो."

"तोपण बघतो. काटई नाक्याला ट्रॅफिक असलं तर आतल्या रस्त्यानं घालतो."

यज्ञेशने कानात हेडफोन घातले.

स्टेशनवर उतरल्यावर त्याला पहिला धक्का बसला तो वासाचा. तो सारा पट्टा म्हशींचा आहे. तिकडचं प्रसिद्ध पांढरं चीज म्हशीच्या दुधाचं, आणि त्यासाठी गोठेच्या गोठे आहेत. त्यांची राहायची सोय अशाच एका गोठ्याशेजारच्या घरी होती, दोघांना दोन खोल्या. यज्ञेशने बुकिंग करताना फोटोत फक्त द्राक्षाचा मांडव पाहिला होता.

"तू मला म्हशींत आणलंस?" तो म्हणाला.

"बुकिंग तू केलंयस," तेजल म्हणाली आणि एका म्हशीच्या शिंगांमध्ये खाजवायला लागली. म्हैस ओळख असल्यासारखी उभी राहिली.

बरोबर सहाला आमच्या टीव्हीवर यज्ञेश उगवला. मागे निळं आभाळ आणि एक अवाढव्य देऊळ. जाडजूड खांबांची रांग, वर छप्पर नाही. दिनानाथांनी माइक घेतला आणि यज्ञेशचा व्हिसा कसा झाला इथून सुरुवात केली. यज्ञेश तिकडे उन्हात हसत उभा. सोळाव्या मिनिटाला बबनरावांनी सांगितलं, "दिनानाथ, मुलगा काळा पडेल." तेव्हा माइक सुटला. बबनराव कारखान्यात फिटर होते. दिनानाथ ऑफिसर होते हे त्यांना माहीत आहे, पण ते तसं वागत नाहीत.

"हाय एव्हरीवन," यज्ञेश म्हणाला. "तर हे जे टेम्पल तुम्ही बघताय, हे रोमन लोकांनी बांधलेलं आहे. एकदम एन्शियंट."

मागच्या रांगेतून कोणीतरी फोनमध्ये पाहून म्हणालं, "इथे ग्रीक लिहिलंय."

"तेच ते," दिनानाथ म्हणाले.

"कुठल्या देवाचं?" बनूबाईंनी विचारलं. बनूबाई ब्याऐंशीच्या आहेत आणि देऊळ म्हटलं की त्यांना देव लागतो.

"मल्टिपल गॉड्स होते आजी. ओव्हरऑल."

"आपल्या देवळापेक्षा जुनं का?" आणखी कोणी विचारलं. आमचं शिवमंदिर साडेनऊशे वर्षांचं, हे आम्ही सगळे पाठ म्हणतो. त्यावरून हॉलमध्ये लगेच दोन तट पडले. आपलं कोरीवकाम सरस, असा एक पक्ष. त्यांचं छप्पर उडालं, आपलं बघा, असा दुसरा. दोन्ही पक्ष एकच बाजू मांडत असूनही आवाज चढले.

बबनरावांना त्यात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "यज्ञेश, तो खांब एकसंध आहे का तुकडे बसवलेत? सांधा दिसतोय का?"

यज्ञेशला सांधा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण चाळीस माणसांसमोर माघार घेणं कारखानीसांच्या घरात नाही. "थांबा, क्लोज-अप दाखवतो," म्हणून त्याने समोरचा दोर ओलांडला, तीन प्रचंड पायऱ्यांपैकी दोन चढला आणि खांबाला मिठी मारून फोन वर धरला. आम्हाला टीव्हीवर दगड, त्याची हनुवटी आणि पुन्हा दगड दिसला.

मग शिट्टी वाजली.

आधी एक, मग लागोपाठ चार. एक बाई गणवेशात धावत येताना दिसली आणि ओरडायला लागली, "शेंदा! शेंदा सुबितो!"

"शेंदूर म्हणतेय का?" बनूबाई पुढे झुकल्या. "देऊळ आहे ना. शेंदूर लावू नको म्हणत असेल."

"खाली उतर म्हणतायत," असा एका मुलीचा आवाज आला. "उतर आधी, यज्ञेश. सॉरी म्हण."

यज्ञेशने घाईत उडी मारली. प्युअर इटालियन बुटाचा तळ पायरीवरच राहिला आणि उरलेला बूट पायाबरोबर खाली आला. फोन हातातून सुटला. चाळीस ज्येष्ठ नागरिकांनी मोठ्या पडद्यावर आधी आभाळ पाहिलं, मग गवत, मग एक मुंगी. आवाज मात्र स्वच्छ येत होता. ती बाई इटालियनमध्ये झापत होती, ती मुलगी इटालियनमध्ये माफी मागत होती, आणि यज्ञेश इंग्रजीत सांगत होता की तो बॉम्बेचा आहे.

फोन उचलला गेला तेव्हा पडद्यावर तेजलचा चेहरा होता. सावळी, केसांना रुमाल बांधलेला, गळ्यात वही अडकवलेली. "नमस्कार," ती म्हणाली. "त्याला त्या बाजूला बसवलाय. काही लागलं नाही. तुमचा प्रश्न कोणाचा होता, सांध्याचा?"

हॉलमध्ये कोणी सांध्याचा विचार करत नव्हतं. सगळे दिनानाथांकडे बघत होते.

"दिनानाथ," बनूबाईंनी मनापासून विचारलं, "सोलो म्हणजे दोघं जातात का?"

"गाइड असेल," दिनानाथ म्हणाले. "तिकडे मराठी गाइड मिळतात."

बबनरावांनी हात वर केला, प्रश्न माझा म्हणून. मग पुढचा अर्धा तास तेजलने जे दाखवलं ते मी अजून विसरलेले नाही. खांब एकसंध नाहीत, एकावर एक चकत्या रचल्या आहेत, मध्ये चुना नाही, नुसतं वजन. खांब मधे किंचित फुगीर आहे, तो मुद्दाम. आता दगड असा भोकाभोकांचा दिसतो पण मुळात त्यावर गुळगुळीत गिलावा होता. बबनरावांनी चकत्यांच्या मध्ये खुंटी असते का विचारलं. "असते काका, पोटात," म्हणून तिने खाली पडलेल्या एका चकतीच्या मधलं चौकोनी भोक दाखवलं. बबनराव खुर्चीवरून उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. "बरोबर बसवलंय," ते म्हणाले. अडीच हजार वर्षांनी त्या लोकांना अंबरनाथहून पास करण्यात आलं.

"देव कुठला, बाळ?" बनूबाईंनी पुन्हा विचारलं.

"हे बहुतेक हेराचं, आजी. तिकडची मोठी देवी. लग्न, बाळंतपण तिच्याकडं."

बनूबाईंनी टीव्हीला हात जोडले. वडे गार झाले होते. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे आमच्या बैठकीच्या इतिहासात प्रथमच घडलं.

आभारप्रदर्शनात दिनानाथांनी तेजलचं नाव घेतलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी पद्मजाला घरी नेऊन विचारलं, ही कोण, कुठली, कोणातली. पद्मजा म्हणाली, "मुलाला खांबावरून उतरवणारी."

रविवारी यज्ञेश घुश्शात होता. सकाळी तेजल गोठ्यात जाऊन धार कशी काढतात ते बघून आली. तिथे यंत्रं होती, तिची जरा निराशा झाली. यज्ञेशने नाक दाबून ताजं चीज खाल्लं आणि त्याचे अकरा फोटो काढले. मग म्हणाला, "मी बीचवर एकटा जाणार. मला माय टाइम पाहिजे."

"जा. वाळूत पाय घासत चाल मात्र," तेजल म्हणाली. "काल त्या घरातल्या आजी सांगत होत्या, उथळ पाण्यात वाळूखाली मासा बसतो. काटा मारतो."

"आय कॅन स्विम," यज्ञेश म्हणाला. पोहण्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

किनाऱ्यावर त्याने फोन एका छत्रीच्या दांड्याला टेकवला, चित्रण सुरू केलं, गॉगल चढवला आणि क्षितिजाकडे बघत सावकाश पाण्यात शिरला. समुद्राकडे चालत जाणारा एकटा तरुण, पाठमोरा. आठव्या पावलाला त्या पाठमोऱ्या तरुणाने "आई गं!" अशी बोंब ठोकली आणि एका पायावर उलटा फिरला. हे सगळं चित्रणात आहे. मी पाहिलं आहे. दोनदा.

माशाचा तो काटा जीवघेणा नसतो, पण कळ अशी जाते की मोठा माणूस रडतो. यज्ञेश रडला. जीवरक्षकाने त्याला ओढत छत्रीखाली आणलं, शेजारच्या चहा-कॉफीच्या टपरीतून कढत पाण्याची बादली मागवली आणि पाय त्यात कोंबला. उष्णतेने ते विष उतरतं. अर्धा तास पाय बाहेर काढायचा नाही. आसपासच्या चार इटालियन आज्या आपापल्या खुर्च्या घेऊन जवळ आल्या. एकीने त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला. दुसरीने कापलेलं कलिंगड भरवलं. तिसरी त्याला काहीतरी सुनावत होती, ते त्याला कळलं नाही, पण आपल्याला लहानपणापासून हेच ऐकवलं जातंय एवढं कळलं.

शेवटी त्याने फोन केला. तेजल तेव्हा देवळापाशी बसून मोजमापं लिहीत होती. ती दोन किलोमीटर चालत आली. बादलीत पाय, डोक्यावर टॉवेल, ओठांना कलिंगड असा तो बसलेला.

"घरी नको सांगू प्लीज," तो म्हणाला.

"नाही सांगत," ती म्हणाली आणि एक फोटो काढला. त्याच्या फोनमधलं चित्रणही तिने स्वतःकडे पाठवून घेतलं. मग आज्यांशी बोलत बसली. अर्ध्या तासाने त्याचा हात खांद्यावर घेऊन तिने त्याला स्टेशनपर्यंत चालवत नेलं. त्याची बॅग दुसऱ्या खांद्याला. गाडीत जागा एकच मिळाली. ती यज्ञेशला लागणार होती, पाय सुजलेला होता. तेजल उभी राहिली.

रात्री त्याने आपल्या पानावर नऊ फोटो टाकले. देऊळ, आभाळ, समुद्र, चीज. वर इंग्रजीत लिहिलं की अवशेषांत मी हरवलो आणि लाटांनी मला 'मी' परत दिला. तेजल एका फोटोच्या कडेला कोपरापर्यंत दिसत होती. तो कोपर त्याने कापला.

डिसेंबरात तेजल सुटीवर आली. ज्येष्ठ नागरिकांनी, म्हणजे मुख्यतः बबनरावांनी, आग्रह धरून तिचं भाषण ठेवलं. विषय, खारं वारं दगड कसा खातं. हॉल भरला. हिरामण आणि गोजरबाई मुळगावहून रिक्षाने आले, आणि दिनानाथांनी त्यांना दाराजवळ शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. मी जाऊन त्यांना पुढे आणलं. गोजरबाई बसताना मला म्हणाली, "मागंच बरं व्हतं बाई. हितं पोरगी मना बघून लाजंल." तेजल लाजली नाही.

दिनानाथांनी ओळख करून दिली : "परदेशात असं टॅलेंट ओळखणं सोपं नसतं. ही मुलगी आमच्या यज्ञेशने शोधून काढली."

हिरामणने इकडेतिकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "हरवली व्हती कवा?"

भाषणानंतर पद्मजाने तेजलला हॉलमागच्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावलं. मी चहा गाळत होते. "खरं सांग. तिकडे काय झालं होतं? तेव्हापासून हा समुद्राचं नाव काढत नाही." तेजल म्हणाली, शब्द दिलाय, सांगता येणार नाही. मग तिने फोन काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी पाणी पिऊन येते." पद्मजाने फोटो पाहिला, चित्रण पाहिलं. इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. तिला मी पंचवीस वर्षं ओळखते. तिचे दात पहिल्यांदा पाहिले.

यज्ञेशचं चांगलंच झालं. त्याने नोकरीच्या साइटवर स्वतःबद्दल लिहिलं की 'दोन खंडांतील चाळीस ज्येष्ठ भागधारकांसाठी बहुभाषिक वारसा-संवाद उपक्रमाचं नेतृत्व केलं'. मुलाखतीत त्यावरच प्रश्न आले. त्याने उत्तरं दिली, आणि त्याला निवडलं. मला यात आश्चर्य वाटलं नाही. मी शाळेत पस्तीस वर्षं होते.

दिनानाथ पेढे घेऊन दारोदार आले. तेजल तेव्हा परत पेस्तुमला गेली होती, प्रबंध अजून व्हायचा होता, खांबांवर चढायला तिला आता रीतसर परवानगी मिळाली होती. ते त्यांना मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

"कंपनी कसली आहे?" मी विचारलं.

"युरोपभर नेटवर्क आहे, बाई. एफएमसीजी."

"म्हणजे काय विकतात?"

दिनानाथांनी पेढ्यांचा खोका या हातातून त्या हातात घेतला. "मांजरांचं खाणं," ते म्हणाले. "पण प्रीमियम."

मी पेढा घेतला. चांगला होता.